पार्किंगमधले मूल कोणाच्या भरवशावर?

नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या, त्यांत पनवेल तालुक्यातले गव्हाणही होते. जानेवारी १९८४ मध्ये शेजारच्या जासईच्या परिसरात शेतकऱ्यांनी रक्त सांडले, त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली आणि जिथे भातखाचरे होती तिथे आज गव्हाणपासून उलव्यापर्यंत इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले, त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलला हिरवा कंदील मिळाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचेही उद्घाटन झाले. या साऱ्यात जमिनीचे भाव, रस्ते, नोकऱ्या यांवर भरपूर बोलले जाते. मुलांचे अंगण कुठे गेले, हा विषय मात्र कोणी काढत नाही. ते अंगण आता इमारतीच्या पोटात, खांबांवर उभ्या असलेल्या पार्किंगमध्ये आहे. छोट्या भूखंडावरच्या इमारतीला स्वतःचे मैदान नसते, बाहेर रस्त्यावर डंपर आणि कंटेनर धावतात, त्यामुळे शाळा सुटली की मुले खाली पार्किंगमध्येच उतरतात. गावठाणातल्या जुन्या घरांतही हीच गत आहे. ज्या पडवीत आणि ओट्यावर पूर्वी भाताच्या गोणी आणि मासेमारीची जाळी असत, तिथे आता मोटारसायकल, चारचाकी, पाण्याचा पंप, डिझेलचा कॅन आणि रंगाचे उरलेले डबे असतात आणि मूल त्यांच्यामधूनच रांगत, धावत मोठे होते.

घराच्या आत आपण मुलासाठी किती काळजी घेतो! गॅसचा नॉब, खिडकीची जाळी, प्लगची छिद्रे, बाल्कनीचा कठडा, सगळे तपासून घेतो. पण जिना उतरून खाली आलो की ही काळजी एका वाक्यावर येऊन थांबते: ‘पोरांवर लक्ष ठेवा.’ हे वाक्य चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे, आणि माझे सारे म्हणणे या अपुरेपणाबद्दल आहे. मोठ्या माणसाचे लक्ष ही दिवसभर अखंड टिकणारी गोष्ट नव्हे. फोन वाजतो, दूध उतू जाते, धाकटे रडते, वॉचमन पंप सुरू करायला जातो. ज्या जागेची सुरक्षितता फक्त कोणाच्या तरी नजरेवर अवलंबून आहे, ती जागा नजर हटल्याच्या क्षणी असुरक्षित असते. म्हणून घराखालची गाडी ठेवायची जागा अशी केली पाहिजे, की लक्ष चुकले तरी मुलाचा जीव जाणार नाही. हे शक्य आहे, स्वस्त आहे आणि आपल्याच राज्यातल्या गेल्या काही वर्षांच्या घटना पाहिल्या तर अत्यंत तातडीचे आहे.

पहिली गोष्ट बंद मोटारीची. जून २०२३ मध्ये नागपूरच्या टेका नाका भागात खेळायला गेलेली तीन चिमुकली मुले घरी परतली नाहीत. शोधाशोध झाली आणि दुसऱ्या दिवशी घरापासून जवळच उभ्या असलेल्या मोटारीत ती मृतावस्थेत सापडली. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला सात आणि पाच वर्षांची भावंडे घराजवळच्या बेवारस मोटारीत गुदमरून गेली. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यात, द्वारपुडी गावात, चार मुलांचा असाच अंत झाला. तिन्ही ठिकाणी मुले खेळता खेळता गाडीत शिरली होती, कोणी त्यांना आत विसरून गेले नव्हते. काचेतून ऊन आत येते, डॅशबोर्ड आणि सीटा तापतात, पण ती उष्णता त्याच काचांतून तेवढ्या सहज बाहेर पडत नाही. २००५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात उन्हात उभ्या मोटारीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढल्याचे दिसले, त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यापेक्षा कितीतरी लवकर तापते. म्हणजे शोध सुरू व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यातच सारे संपलेले असू शकते.

मूल आत शिरते तर बाहेर का येत नाही, असा प्रश्न पडतो. मागच्या दाराच्या कडेला, कुलपाजवळ, एक छोटी खटकी असते. ती ‘चाइल्ड लॉक’ची. ती लावली की मागचे दार आतून उघडत नाही. चालत्या गाडीतून मूल पडू नये म्हणून केलेली ही सोय उभ्या गाडीत उलटते: दार बाहेरून सहज उघडते, मूल आत जाते, दार आपटून बंद होते आणि आतले हँडल कितीही ओढले तरी काही होत नाही. जुन्या, धूळ खात पडलेल्या गाडीची बॅटरी मेलेली असते, त्यामुळे काचेचे बटण चालत नाही आणि हॉर्नही वाजत नाही. पाच वर्षांच्या मुलाला पुढच्या सीटवर जाऊन तिथले दार उघडण्याचे सुचेल, अशी अपेक्षा घाबरलेल्या क्षणी करता येत नाही. डिकीचेही तसेच. अमेरिकेत १९९८ च्या उन्हाळ्यात अवघ्या तीन आठवड्यांत ११ मुले मोटारींच्या डिकीत अडकून मेली. तेव्हा तिथे पालकांना उपदेश करून विषय संपवला नाही. १ सप्टेंबर २००१ पासून डिकी असलेल्या प्रत्येक नव्या मोटारीत डिकी आतून उघडण्याची, अंधारातही मुलाला दिसेल अशी खटकी सक्तीची झाली. मूल डिकीत शिरणारच, हे गृहीत धरून गाडी बदलली. आपल्याकडे तसा नियम होईल तेव्हा होवो. तोवर करायचे ते अगदी साधे आहे: घराखाली उभी असलेली प्रत्येक गाडी, पाच मिनिटांसाठी ठेवली तरी, डिकीसह कुलूपबंद असावी, किल्ली मुलाच्या हाती लागू नये आणि महिनोन् महिने न हललेली भंगार गाडी पार्किंगमधून हलवावी. मूल हरवले की विहीर आणि रस्ता यांच्याइतक्याच तातडीने आजूबाजूच्या गाड्या आणि त्यांच्या डिक्या उघडून बघाव्यात, हे प्रत्येक वॉचमनला आणि आजी-आजोबांना ठाऊक असले पाहिजे.

दुसरी गोष्ट गेटची. ३१ जुलै २०२४ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या बोपखेलला घराबाहेर मुले खेळत होती. एका मुलाने सरकते लोखंडी गेट ओढले, ते निखळले आणि साडेतीन वर्षांच्या एका मुलीच्या अंगावर कोसळले. तिचा जीव गेला. असले गेट आज गव्हाण-उलव्यातल्या बहुतेक इमारतींना आणि बंगल्यांना आहे, म्हणून ते जवळून पाहायला हवे. सरकते गेट खाली दोन चाकांवर उभे असते, ती चाके जमिनीतल्या लोखंडी पट्टीवर धावतात. वरच्या बाजूला खांबाला लावलेल्या दोन छोट्या रोलरांमध्ये गेटचा वरचा दांडा अडकवलेला असतो. त्या रोलरांनीच ते उभे राहते, एरवी त्याला कशाचाच आधार नसतो. पट्टीच्या शेवटी अडसर, म्हणजे स्टॉपर, वेल्ड केलेला नसेल तर जोरात ढकललेले गेट रोलरांच्या पुढे निघून जाते आणि आडवे होते. कोकणच्या पावसात आणि खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात रोलरचे बोल्ट गंजतात, पट्टीत खडी आणि चिखल साचतो, गेट अडखळू लागते आणि अडखळले की ते अधिक जोरात ओढले जाते. या गेटला लोंबकळून झोके घेणे हा तर मुलांचा आवडता खेळ. दोन्ही टोकांना भक्कम स्टॉपर, वरच्या बाजूला एक जादा पकड आणि पावसाळ्याआधी एकदा तपासणी, एवढे केले की हे गेट सहसा पडत नाही. फॅब्रिकेटरचे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. अमेरिकेत घरच्या गॅरेजच्या विजेवर चालणाऱ्या दारांखाली मुले चिरडली जाऊ लागली, तेव्हा १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या यंत्रांना अडथळा जाणवताच दार उलटे फिरवणारी यंत्रणा बंधनकारक केली गेली. आपल्याकडेही आता मोटरवर चालणारी गेटे आणि शटर येऊ लागली आहेत. ती बसवताना मूल मध्ये आले तर ओळखणारा सेन्सर सोबत घेतलाच पाहिजे, पैसे वाचवण्याची ती जागा नव्हे.

तिसरी गोष्ट चालत्या गाडीची. रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाची भीती वाटते, पार्किंगमध्ये मात्र पायी चालण्याच्या वेगाने मागे येणारी गाडीही जीव घेते, कारण चालवणाऱ्याला मूल दिसतच नाही. उंच बांधणीच्या गाड्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या बॉनेटसमोर व मागच्या काचेखाली न दिसणारा पट्टा मोठा झाला. बसलेले किंवा चेंडू उचलायला वाकलेले मूल त्या पट्ट्यात पूर्ण मावते. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर बंधनकारक झाले हे चांगलेच झाले, पण त्याआधीच्या असंख्य गाड्या आजही खाली उभ्या आहेत, शिवाय टेम्पो आणि पाण्याचे टँकरही आत येतात. अशा अपघातांची दखल सरकारी आकडेवारीत नीट उमटत नाही, कारण रस्ते अपघातांचा अहवाल सार्वजनिक रस्त्यांवरच्या अपघातांचा असतो. कंपाउंडच्या आत गेलेला जीव त्यात मोजला जाईलच असे नाही, आणि जे मोजले जात नाही त्यावर धोरण ठरत नाही. याच जागेत आणखी एक धोका जमिनीखाली असतो, तो पाण्याच्या टाकीचा. मार्च २०२४ मध्ये मुंबईच्या वडाळ्यातल्या महर्षी कर्वे उद्यानात टाकीवर नीट झाकण नसल्याने दोन लहान भाऊ बुडून मेले. ते उद्यान होते, पण तशीच टाकी आपल्या पार्किंगच्या फरशीखाली आहे. टँकर येऊन गेल्यावर तिचे झाकण पुन्हा बसवले गेले का, हे रोज कोण पाहते?

चौथी गोष्ट विजेची आणि आगीची. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीचा रात्री स्फोट झाला आणि त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून पुढे दगावला. त्या वर्षी देशभर अशा आगी लागल्यावर केंद्राने बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. नव्या गाड्या त्यामुळे अधिक भरवशाच्या झाल्या, पण चार्जिंगची जागा सुधारली नाही. मीटर बॉक्समधून ओढलेली वायर, तिला जोडलेला घरगुती एक्स्टेन्शन बोर्ड, तो जमिनीवर पडलेला आणि जुलैच्या पावसात आत शिरलेले पाणी: हे दृश्य कुठल्याही इमारतीत दिसते. चार्जिंगसाठी वेगळी लाइन, मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर झाकण असलेला पॉइंट आणि त्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे ही साधी गरज आहे. विजेची गळती झाली की आरसीसीबी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच प्रवाह तोडतो. साधी एमसीबी ते करत नाही, तिचे काम वायर जळू न देण्याचे असते, माणसाला वाचवण्याचे नव्हे. पंपाच्या लाइनवरही आरसीसीबी हवाच. बॅटरी काढून घरात नेण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या मालकांनी ती झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडण्याच्या दाराजवळ रात्रभर चार्जिंगला ठेवू नये.

पाचवी गोष्ट सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत सहज सुटणारी आहे: बाटल्यांची. पार्किंगच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, मीटरच्या खोलीत काय काय असते ते एकदा बघावे. थिनर, टर्पेंटाइन, जनरेटरचे पेट्रोल, होडीच्या इंजिनाचे डिझेल, संडास धुण्याचे अ‍ॅसिड, उंदराचे औषध. यातले बरेचसे पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरलेले असते आणि खेळून तहानलेल्या मुलाला ती बाटली म्हणजे पाणीच वाटते. रॉकेल, थिनर यांसारखे पातळ द्रव पोटापेक्षा फुप्फुसाला अधिक घातक असतात. गिळताना किंवा उलटी होताना त्यांचा थोडासा अंश श्वासनलिकेत गेला तरी फुप्फुसाला सूज येते. म्हणूनच अशा मुलाला उलटी करायला लावू नये, मिठाचे पाणी पाजू नये, बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठावा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक दर्शनी भागात लावून ठेवावा. या बाबतीत रचना बदलण्याचा पुरावा अगदी स्पष्ट आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या घरांत रॉकेलसाठी मुलांना उघडता न येणाऱ्या झाकणांचे डबे हजारोंच्या संख्येने वाटण्यात आले आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्या भागात मुलांनी रॉकेल पिण्याच्या घटना जवळपास निम्म्यावर आल्या. आया तशाच कष्टाच्या आणि धावपळीच्या राहिल्या, मुले तशीच चौकस राहिली. बदलले ते फक्त झाकण.

आता आक्षेपांकडे. सगळ्यांत जास्त ऐकू येणारा आक्षेप असा, की आम्हीही ओट्यावर, अंगणात, खळ्यात वाढलो, आम्हाला काही झाले नाही. या म्हणण्यात दोन चुका आहेत. ज्यांना काही झाले ते आज हे सांगायला नाहीत, ही पहिली. दुसरी अशी, की तेव्हाचे अंगण वेगळे होते. खळ्यात दीड टनाची मोटार मागे येत नव्हती, शेणाने सारवलेल्या ओट्यावर लिथियमची बॅटरी चार्ज होत नव्हती आणि बांबूचे आडणे अंगावर पडले तरी पोर रडून उठत असे. शिवाय त्या अंगणाला दहा घरांच्या म्हाताऱ्या माणसांचे डोळे लागलेले असत. आज एकाच इमारतीत वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे राहतात, दोघेही नोकरीला, आजी-आजोबा गावी. जागा अधिक धोक्याची झाली आणि पाहणारे डोळे कमी झाले. अशा वेळी जुन्या बळावर विसंबणे म्हणजे जे उरलेलेच नाही त्याच्यावर विसंबणे होय.

दुसरा आक्षेप व्यवहारी वाटतो: मुलांना खाली खेळू देऊच नका. अनेक सोसायट्यांनी तशा पाट्याही लावल्या आहेत. पण पाटीने धोका हटत नाही, फक्त दोष कोणाच्या माथी मारायचा ते ठरते. बोपखेलची मुलगी घराबाहेर होती आणि नागपूरची मुले शेजारीच गेली होती. मुले शाळेत जाताना, सायकल काढताना, बाबांना निरोप देताना खाली येणारच. आणि खेळायला बंदी घातली तर ती जाणार कुठे? बाहेर उरण रस्त्याची अवजड वाहतूक, आत मोबाइलचा पडदा. खेळ हा मुलाचा हक्क आहे, हे १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमात लिहिलेले आहे आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये मान्य केली. मैदाने हवीतच, त्यासाठी सिडकोकडे भांडायलाही हवे. पण मैदान मिळेपर्यंतची वर्षे मूल थांबत नाही. तोवर पार्किंगचा एक कोपरा बोलार्ड किंवा रोवलेल्या लोखंडी पाइपांनी गाड्यांपासून तोडून मुलांना द्यावा आणि संध्याकाळी ठरावीक वेळेत टँकर व टेम्पो आत घेऊ नयेत. बंदीपेक्षा ही वाटणी पाळली जाण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे, कारण ती मुलांनाही हवीशी वाटेल.

तिसरा आक्षेप जबाबदारीचा आहे. ज्याचे मूल त्याने सांभाळावे, सोसायटीचा किंवा शेजाऱ्याचा काय संबंध, असे विचारले जाते. संबंध कायद्यानेच सांगितला आहे. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था या मुंबईतल्याच प्रकरणात निकाल दिला, की इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला गॅरेज म्हणून वेगळी विकता येत नाही, ती इमारतीच्या सामाईक भागात मोडते. तो निकाल आपण पार्किंगच्या भांडणात हिरिरीने वापरतो, त्याची दुसरी बाजू मात्र विसरतो. जी जागा सगळ्यांची आहे तिची देखभालही सगळ्यांची आहे. सामाईक गेट, सामाईक टाकी, सामाईक वायरिंग यांतला दोष एका मुलाच्या आईने दूर करायचा नसतो. पालकांची जबाबदारी यात कुठेही कमी होत नाही. उलट गाडीला कुलूप लावणे, बाटलीवर नाव लिहिणे, मोटारसायकल सपाट जागी भिंतीकडे लावणे, तापलेल्या सायलेन्सरची बाजू मुलांच्या वाटेकडे न ठेवणे ही कामे ज्याला मूल नाही अशा गाडीमालकाचीही होतात.

चौथा आक्षेप खर्चाचा. इथे सांगितलेल्या गोष्टी पुन्हा तपासून पाहाव्यात. गाडीला कुलूप लावायला पैसे लागत नाहीत. बाटल्या कुलपाच्या कपाटात ठेवायला एक जुने लोखंडी कपाट पुरते. गेटचा स्टॉपर, टाकीच्या झाकणाला कुलूप, आरसीसीबी आणि वळणावरचा गोल आरसा यांचा खर्च वीस-पंचवीस घरांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम सणासुदीच्या एका दिवसाच्या रोषणाईपेक्षा जास्त नसते. त्यातही प्राधान्य लावता येते. ज्या धोक्यात वाचण्याची संधीच मिळत नाही तो आधी: गेट, टाकी, बंद गाडी, वीज. रंगरंगोटी आणि पाट्या नंतर. आणि जिथे खर्च खरोखरच जड जातो, तिथे एवढे लक्षात ठेवावे, की पार्किंगला टाइल्स आणि गेटला नावाची झळाळती अक्षरे लावण्यासाठी आपण वर्गणी काढतोच.

गावठाणातल्या घरांना सोसायटी नाही, चेअरमन नाही, पण गव्हाणला ग्रामपंचायत आहे आणि ग्रामसभा आहे. तिथे गटारे, दिवाबत्ती, पाणी यांवर चर्चा होते तशी रस्त्याकडेला आणि आळीत सडत पडलेल्या बेवारस गाड्या हलवण्याचा विषयही निघावा. अंगणवाडी सेविका आणि आशाताई लसीकरणासाठी घरोघर जातातच, त्यांच्या हाती पडवीतल्या धोक्यांची एका पानाची यादी दिली तर ती प्रत्येक आईपर्यंत पोचेल. सिडकोने आणि ग्रामपंचायतीने नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र किंवा परवानगी देताना अग्निशमन यंत्रणा पाहिली जाते तसा गेटचा स्टॉपर आणि टाकीचे झाकणही पाहावे. एकेका घराच्या पुण्याईवर सोडलेली सुरक्षा कोणाकडे असते, कोणाकडे नसते. नियमात आली की ती भाडेकरूच्या मुलालाही मिळते, आणि उलव्यात भाडेकरू कुटुंबे थोडीथोडकी नाहीत.

सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. यंदाच्या सभेत पार्किंगच्या वादावर तासभर जाईलच, त्यात मुलांच्या सुरक्षिततेचा एक स्वतंत्र विषय घालण्याची मागणी प्रत्येक सभासद करू शकतो. सभेआधी एका रविवारी दोन-चार पालक, वॉचमन आणि इमारतीचा वायरमन यांनी मिळून पार्किंगची फेरी मारावी, तीही गुडघ्यावर बसून, मुलाच्या उंचीवरून. काय दिसते, काय हाताला लागते, काय ओढता येते, कशात शिरता येते ते लिहून काढावे आणि प्रत्येक नोंदीपुढे दुरुस्तीची तारीख व जबाबदार माणसाचे नाव घालावे. नागपूर, अँटॉप हिल, बोपखेल, वसई आणि वडाळा इथल्या आईवडिलांचे आपल्या मुलांवर प्रेम कमी नव्हते. कमी पडले ते एक कुलूप, एक अडसर, एक झाकण. ते लावणे आपल्या हातात आहे, आणि ते लावल्याशिवाय ‘लक्ष ठेवा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.